दगडामागची तुती

३ मार्च

अक्का, नमस्कार.

बुधवारी सकाळी मी तुझं पत्र डब्याबरोबर पिशवीत घातलं, दफनभूमीत सगळ्यांच्या आधी पोचलो, नळावर हात धुतले आणि आईपाशी बसून ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. बसलो होतो माझ्या नेहमीच्या जागी, तिच्या दगडामागे, भिंतीला पाठ टेकून. तिथे तुतीची सावली असते आणि कबरीवर पायही पडत नाही. तुझ्या शेवटच्या ओळी मी दोनदा वाचल्या. 'आईला गावी ने, बाबांशेजारी ठेव. एवढं केलंस तर मी येईन आणि तुझ्याच घरी उतरेन.'

अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच, उजवीकडे धावणारं, घाईचं. पाकीट हिने दारातच घेतलं आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचून मला न सांगता आधी चहा टाकला. घरात काही मोठं घडलं की ही आधी चहा टाकते, हे तुला आठवत असेल.

तुझी अट मला मान्य आहे. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पत्र संपेपर्यंत तुझा जीव टांगणीला राहील.

तू वर्तमानपत्रात वाचलंस ते खरं आहे. शहराची ही जुनी दफनभूमी साफ करून सगळ्यांसाठी खुली करणार आहेत. झाडं, पायवाटा, बसायला बाकं. कबरी जागच्या जागीच राहतील. पण भिंतीकडच्या शेवटच्या रांगांतली माणसं अलीकडची आहेत. त्यांच्या घरच्यांना हवं असेल तर मे अखेरपर्यंत त्यांना दुसरीकडे नेता येईल. मग फाटक उघडणार. तुला हे ठाऊक नसेल, पण पडलेले दगड उभे करायचं काम माझ्याकडेच आहे. हिवाळ्यापासून मी रोज आईच्याच आवारात कामाला जातो.

तू आली होतीस तेव्हा इथे काचा, टायर आणि कुत्री होती. 'आईला उकिरड्यात टाकलंस,' असं म्हणून तू उलट्या पावली गेलीस. ती गेली तेव्हा मी पलीकडच्या गावात कामावर अडकलो होतो, पूल पाण्याखाली होता, तू तर समुद्रापार. शेजाऱ्यांनी आणि इथल्या राखणदाराने तिला ठेवलं. नंतर येऊन मी दगड घडवला आणि राखणदाराने ठोकलेल्या खुंटीच्या जागी उभा केला. यात कुणाचा दोष होता ते मला आजही सांगता येत नाही. पण तू येणार असशील तर मला ते शोधायचंही नाही.

परवानगीचा अर्ज उद्या देतो. दाजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

२४ मार्च

अक्का,

तुझं उत्तर चार ओळींचं. 'झुडपं किती काढली, दगड किती उचलले, ते मला नको. तारीख कळव.' तारीख अजून मिळालेली नाही. आरोग्य खात्याचा माणूस हजर लागतो, आणि तो भेटायचा म्हणजे त्याच्या साहेबाची बदली टळायला हवी, असं काहीतरी आहे.

रविवारी गावी जाऊन आलो. चुलतभावाने बाबांशेजारची जागा झाडून ठेवली आहे. तिथे सगळं ठीक आहे, उगाच खोट काढणार नाही. कुंपण धड आहे, वारा येतो, बाबांच्या दगडावर मी लहानपणी चुकून जास्त खोल कोरलेलं अक्षर तसंच आहे. चुलतभाऊ म्हणाला, "काकी आली की काकांची झोपमोड होईल बघ." मी हसलो. परतीच्या बसमध्ये मात्र हसू आलं नाही. का, ते विचारू नकोस.

आता पुढचं तुला नको असेल तर सोडून दे. पण हे मी कुणाला तरी सांगितलंच पाहिजे आणि बाबांचं दगडाचं काम आपल्या घरात तुझ्याइतकं कुणी जवळून पाहिलेलं नाही.

जुन्या भागात काट्यांखाली एक दगड पालथा पडला होता. कधी पडला कुणास ठाऊक, आपल्या आजोबांच्याही आधी. मी आणि माझा जोडीदार लंबू (उंचीने माझ्या खांद्याला लागतो, म्हणून लंबू) पहारीने त्याची एक कड उचलायला लागलो. शेजारी उभे असलेले दगड पावसाने पार पुसले गेलेत. हात फिरवला तर जीर्ण कापडासारखे लागतात. हा उलटला, आणि अक्का, त्यावर अक्षरं अशी होती की जणू कारागीर आत्ताच छिन्नी ठेवून पाणी प्यायला गेला आहे. छिन्नीच्या रेघाही दिसत होत्या. मी बोट लावून पाहिलं. रेघांचा कल उलटा. तो माणूस डावखुरा होता! नाव नाही, गाव नाही, त्याचा स्वतःचा दगड कुठे आहे तेही माहीत नाही, पण तो डाव्या हाताने काम करायचा हे मातीने एवढी वर्षं जपून ठेवलं होतं.

लंबूने टोपी काढली. तो कशालाही टोपी काढत नाही. मी मनात देवाचं नाव घेतलं. देव कुठे काय ठेवून देईल, याचा माणसाला पत्ता नसतो.

आमच्यावर एक बाई आहेत, बागेचा सगळा आराखडा त्यांचा. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, हा उभा करायचा ना?" मी म्हटलं, "उभा केला तर लोक वाचतील आणि पाऊस खाईल. पालथा ठेवला तर टिकेल आणि कुणी वाचणार नाही." त्यांनी अक्षरांतली माती बोटाने काढली. मग म्हणाल्या, "वाचू दे. त्यासाठीच लिहिलंय." आम्ही तो उभा केला.

रविवारी वस्तीतली माणसं आपणहून येतात, तण काढायला. एक बस-ड्रायव्हर, दोन नर्सा, एक आजोबा जे काम कमी आणि देखरेख जास्त करतात. गेल्या आठवड्यात वाळकं गवत काढलं तिथे आता छोटी जांभळी फुलं आली आहेत. कुणी पेरली नव्हती. बाई म्हणाल्या, बी खालीच होतं, उजेडाची वाट बघत.

तारीख कळली की लगेच लिहितो.

धाकटा

१६ एप्रिल

अक्का,

काल खणलं. आई मिळाली नाही.

घाबरू नकोस. सगळं क्रमाने सांगतो.

सकाळी आरोग्य खात्याचा माणूस आला, ही आली, लंबू होता. हिने स्वच्छ चादर आणली होती. मी प्रार्थना म्हटली आणि पहिलं फावडं मीच मारलं. आईच्या दगडासमोरच्या पट्ट्यात, जिथे मी इतकी वर्षं एक तण उगवू दिलं नाही, जिथे कुणाचा पाय पडला तर मी ओरडायचो, तिथे.

खणलेली माती आणि न खणलेली माती यांतला फरक आमच्या हाताला कळतो. एकदा उपसलेली जमीन कधीच पहिल्यासारखी होत नाही. वरची काळी खाली जाते, खालची पिवळी वर येते, सगळी गोधडी होते. ही माती तशी नव्हती. काळी, मग तांबूस, मग पिवळी, वहीच्या पानांसारखी एकावर एक. गुडघाभर गेलो, कमरेइतके गेलो, छातीपर्यंत गेलो. लंबूने फावडं टेकलं आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, इथे कधी कुणी खणलेलंच नाही."

इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होतो? शेजाऱ्यांनी तिला कुठे ठेवलं? तुला काय सांगू? आरोग्य खात्याचा माणूस घड्याळ बघत होता. ही चादर छातीशी धरून उभी होती.

तेवढ्यात जुना राखणदार आला. त्याला सगळे फौजदार म्हणतात, कारण तो काठी घेऊन कुत्र्यांना कायदा शिकवायचा. आता निवृत्त आहे, फाटकाबाहेर मुलीकडे राहतो, एका कानाने ऐकतो.

"कुणाला शोधताय, मिस्त्री?"

"आईला."

"मग तिकडे कशाला? ती इकडे आहे की." त्याने काठी दगडाच्या पाठीमागे केली. भिंतीच्या बाजूला.

"फौजदार, तुमची खुंटी इथे होती. मी तिच्याच जागी दगड लावला. खुंटी डोक्याशी असते ना?"

"तुमच्या गावाकडे असेल. आम्ही पायाशी ठोकतो. भेटायला आलेला माणूस पायांशी उभा राहतो ना? डोक्यावर उभा राहतो का कुणी?"

"मग इतकी वर्षं तुम्ही मला बोलला का नाहीत? मी रिकाम्या जागेचं तण काढत होतो!"

"मला काय माहीत तुम्ही तिकडे काय समजून काढताय? मला वाटलं, माणसाला स्वच्छतेची आवड आहे." मग त्याने चांगला कान माझ्याकडे केला आणि म्हणाला, "आणि बसायचात तर आईच्या मांडीवरच. मी म्हटलं, पोरगा आईच्या मांडीवर बसतोय, बसू दे. आपण कशाला मध्ये बोला?"

अक्का, मी खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो. जिथे पाय पडू नये म्हणून जपलं तिथे काही नव्हतं आणि जिथे विश्वासाने टेकलो तिथे ती होती. डबा मी तिच्यावर बसून खाल्ला. हिच्याशी भांडण झालं की तिथेच येऊन बसायचो. तुझं पत्र तिथेच वाचलं, तिच्या अगदी कानाशी.

लंबू म्हणाला, "चला, सापडली ना! आता तिकडून खणू." आरोग्य खात्याचा माणूस म्हणाला, आज वेळ संपली, पुढची तारीख घ्या. मी हो म्हटलं.

धाकटा

२७ एप्रिल

अक्का,

परवा फोनवर तू झाड काप म्हणालीस तेव्हा सांगायचं ते राहूनच गेलं. तू रागावलीस की अजून माझं तसंच होतं. म्हणून पुन्हा कागद घेतला. आपलं बोलणं इतकंच झालं होतं, मी विसरलेलो नाही:

"फक्त दगडाच्या मागे आहे ना? मग काढ."

"तिथे तुती आहे, अक्का. मोठी झाली आहे. बरोबर तिच्यावरच."

"मग काप. आणि आईला मोकळी कर. उद्या फाटक उघडलं की पोरं तिच्या अंगावर नाचतील, ते चालेल तुला? तू मिस्त्री आहेस का कवी?"

मग फोन बंद.

त्या झाडाबद्दल मागच्या पत्रात लिहायला हात धजला नव्हता. आता लिहितो. आईला ठेवून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा दगडामागे बोटभर रोप आलं. दगडाजवळ झाड येऊ द्यायचं नाही, मुळं दगड पाडतात, हे बाबांनी आपल्याला बोलायला शिकायच्या आधी शिकवलं. पुढच्या पट्ट्यातलं प्रत्येक रोप मी उपटलं. हे मागे होतं, कबरीवर नव्हतं, उन्हात बसायला आडोसा होईल, म्हणून राहू दिलं. नंतर ते हाताबाहेर गेलं. आई त्या बाजूला आहे हे मला माहीत असतं, तर ते झाड आज नसतं. मी रोज विचार करतो आणि दरवेळी अंगावर काटा येतो. माझं चुकलं, म्हणून ते जगलं.

पण मी तुझं ऐकलं. बाईंकडे गेलो. त्यांनी मला अडवलं नाही. म्हणाल्या, "आई तुमची आहे. तुम्ही लेखी मागितलंत तर झाड काढता येईल. त्या झाडाखाली पोरांसाठी जागा आखलीय, ती मी दुसरीकडे हलवेन." कागद माझ्या हातात दिला. तो अजून कोरा आहे.

कापण्याआधी मी एक करून पाहिलं. तुलाही तेच हवं असेल असं वाटलं. झाड न तोडता आईपर्यंत जाता येतं का, ते बघायला मी भिंतीच्या अंगाने एक अरुंद चर खणला. फावडं नाही, खुरपं आणि हात. लंबूला जवळ येऊ दिलं नाही. इथली माती खरंच गोधडीसारखी होती. मग मुळं लागली. आधी मनगटाएवढी, मग बोटाएवढी, मग सुतळी, मग केस. अक्का, त्या केसांची जाळी इतकी दाट होती की माती त्यात उभी राहत होती, पडत नव्हती. जाळी आडवी पसरली होती, सरळ, माणूस निजतो तशी. मी हात थांबवला. त्या जाळीत एक बटण होतं. मोठं, तपकिरी, चार भोकांचं.

तू पाठवलेल्या स्वेटरचं. आई त्याला 'माझ्या लेकीचं रजईचं बटण' म्हणायची, कारण एवढं मोठं बटण माणसाच्या कपड्याला असतं यावर तिचा विश्वासच नव्हता. मी हिला विचारलं, शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, हो, गारठा फार होता म्हणून तिनेच आईला तो स्वेटर घातला. तिने कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. तुझी आई तुझ्या स्वेटरात गेली, अक्का. अकरा वर्षं तू समजत होतीस की ती परक्यांच्या हातून उघडी गेली.

बटणाच्या दोन भोकांतून एक बारीक मूळ आत जाऊन बाहेर आलं होतं, टाका घातल्यासारखं. मी ते तुला पाठवावं म्हणून उचलायला गेलो. मूळ तोडल्याशिवाय ते निघत नव्हतं. मी तोडलं नाही. चर पुन्हा भरला. वर हात ठेवून किती वेळ बसलो माहीत नाही. मला रडू आलं नाही. भीतीही नाही. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला होता तेव्हा झालं होतं तसं काहीतरी झालं.

पोरांचं म्हणशील तर तुती आत्ताच पिकली आहे. रविवारी तण काढायला आलेल्यांची पोरं तिच्यावर चढली. सगळ्यांची तोंडं जांभळी. तुला आठवतं, आईला दुपारी पोरांचा गलका चालायचा नाही. 'मेल्यांनो, जरा डोळा लागू द्या,' म्हणून ओरडायची. आणि पोरं गप्प झाली की 'मेली का काय कार्टी' म्हणून उठून बघायला जायची. मी तुला पटवण्यासाठी हे लिहीत नाही. काय पाहिलं ते फक्त लिहितोय.

पुढची तारीख बारा मे आहे.

धाकटा

१३ मे

अक्का,

तुझं पत्र आलं नाही. फोनही नाही. मला वाटलं होतं, बटणाचं वाचून तू काहीतरी म्हणशील. मग वाटलं, माझ्याऐवजी तूच ठरवावंस म्हणून मी वाट बघतोय, हे बरोबर नाही.

तू येशील, आमच्या घरी राहशील, सकाळी ही चहा टाकेल आणि तू साखर कमी म्हणशील, हे मी गेले दोन महिने डोळ्यांसमोर बघत होतो. हिने तुझ्यासाठी पुढची खोली रंगवूनही घेतली. आईला गावी नेलं असतं तर हे सगळं मिळालं असतं. ते सोडणं मला सोपं गेलेलं नाही, एवढं तू मान.

पण तिला न्यायचं तर आता तिला झाडातून कापून काढावं लागेल. आणि तरी जे हातात येईल ते थोडंच असेल. बाकीची वर आहे, पानांत, पोरांच्या तोंडात. बाबांशेजारी मी काय ठेवणार होतो? बरंचसं मागे सोडून थोडंसं घेऊन गेलो असतो आणि त्याला आई म्हणालो असतो. देवाने एक काम इतक्या हळू आणि इतक्या नीट केलंय. त्यात मला खुरपं घालवत नाही.

काल आरोग्य खात्याचा माणूस वेळेवर आला. नेमका कालच. मी बाईंच्या कागदावर 'हलवायचं नाही' असं लिहिलं आणि सही केली. पुढचा खड्डा, जो आम्ही कोऱ्या जमिनीत खणला होता, तो थर लावून भरला, पिवळी खाली, तांबूस मध्ये, काळी वर. तो आता पायवाटेत जाईल. लोक चालोत त्याच्यावरून.

मग दगडाला हात घातला. तीन वासे उभे केले, कप्पी लावली, साखळी गुंडाळली आणि तो उचलून फिरवायला लागलो. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, मग वाटेवरून त्याची ओबडधोबड पाठ दिसेल."

मी म्हटलं, "दिसू द्या. वाचायचं असेल तो वळसा घालून सावलीत येईल."

लंबू साखळी धरून घामाघूम झाला होता. म्हणाला, "लोक म्हणतील, म्हातारीने जगाकडे पाठ फिरवली."

"फिरवली नाही रे. मीच उलटा लावला होता."

फौजदार काठीवर रेलून बघत होता. ही चादर घेऊन आली होती, पुन्हा. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, "तुम्ही ऐन वेळी काय कराल, कुणी सांगावं." मग तिने ती चादर झाडाखाली अंथरली आणि आम्ही सगळे तिच्यावर बसून जेवलो.

अक्का, तू रागाव. पुन्हा अकरा वर्षं बोलू नकोस, मला चालणार नाही, पण मी समजेन. आईला मी गावी नेलं नाही आणि नेणार नाही. तिच्याकडे पाठ करून उभा असलेला दगड आता तिच्याकडे तोंड करून आहे. आज सकाळी जाऊन त्याच्या बुडाशी शेवटचा चुना भरला. हाताने हलवून पाहिला.

आता तो हलायचा नाही.

तुझा धाकटा